सतरा आकड्यांचा थाळा

चहाचा कप समोर आला की सर आधी त्याला नखानं टिचकी मारत. मग डोळे मिटून म्हणत, "चार. चौथा कच्चा आहे." म्हणजे त्या एवढ्याशा 'टण्ण'मध्ये त्यांना चार वेगवेगळे आवाज सापडलेले असत. एखाद्या कपाला "याला चीर आहे" म्हटलं की कॅन्टीनवाला तो निमूटपणे परत नेई. आम्हाला ती चीर कधी दिसली नाही. पण आठवडाभरात तोच कप कुणाच्या तरी हातात फुटायचा आणि चहा मांडीवर सांडायचा. त्यामुळे सर टिचकी मारायला लागले की स्टाफरूममधले सगळे आपापला कप अंगापासून जरा दूर धरून बसत.

लाखनीच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि मी गणिताची नवी, तात्पुरती प्राध्यापिका. सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं ती. दर एप्रिलला माझी ऑर्डर संपायची. जूनमध्ये ती पुन्हा मिळेल की नाही हे ज्या तीन माणसांच्या सह्यांवर ठरायचं, त्यांतले एक सर. मी त्यांना घाबरत असे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या भीतीनंच घडवलं. आणखी एक सांगून टाकते: त्यात माणूस एकही मेला नाही. ही हकिकत ऐकताना लोक श्वास रोखून बसतात आणि हे कळलं की "चला, सुटलो" म्हणतात. मला अजून तसं म्हणता आलेलं नाही.

पोरांनी सरांचं नाव ठेवलं होतं 'बेरीज'. पहिल्या तासाला सर फळ्यावर काही न लिहिता डस्टर टेबलावर आपटत आणि विचारत, "काय ऐकू आलं?"

कुणीतरी म्हणे, "आवाज, सर."

"एक आवाज? नाही. बेरीज! जगात एकटा आवाज राहत नसतो. पेटीचा सा आणि बासरीचा सा, सूर एकच. मग आंधळ्यालाही वेगळे कसे कळतात? बेरजेतले आकडे वेगळे म्हणून. ते आकडे मला द्या, मी बासरी हातात न घेता बासरी वाजवून दाखवतो."

मग एकेकाला उभं करून ऐकवायचे आणि विचारायचे. पोरगं चुकलं तर रागावत नसत. पण सरांना खूश करायला कुणी "हो सर, पाच आवाज आले" असं दडपून सांगितलं की थेट बाहेर. प्रयोगशाळेच्या दारावर खडूनं एक वाक्य कायम लिहिलेलं असे: 'ऐकू आलं ते सांगा. बरं वाटेल ते सांगू नका.' पुसट झालं की ते स्वतः पुन्हा गिरवत.

हायवे आमच्या फाटकाला लागूनच. मधल्या सुट्टीत सर कडेला उभे राहून ट्रकांचे हॉर्न वहीत टिपत. एका ड्रायव्हरला वाटलं, हे कुणी तपासणीवाले साहेब आहेत. त्यानं बिचाऱ्यानं गाडी थांबवून कागद पुढं केले. सरांनी कागदांकडं पाहिलंही नाही. त्याला तीनदा हॉर्न वाजवायला लावला, वहीत काहीतरी खरडलं आणि म्हणाले, "जा." तो ड्रायव्हर जाताना माझ्याकडं अशा नजरेनं बघून गेला, की ही बाई तरी शहाणी दिसते.

सरांचं गाव अड्याळच्या पलीकडं, दोन बस बदलून. गावाच्या डोक्यावर जुना मोठा तलाव, आणि त्याच्या मातीच्या पाळीखाली वीसेक घरांची टोली. चावडी उंचवट्यावर. चावडीपुढच्या कडुनिंबाला काशाचा एक थाळा टांगलेला होता, परातीएवढा. त्याचं काम एकच. पाळ फुटायला आली की कोतवालानं तो बडवायचा आणि टोलीनं हातातलं टाकून चावडीकडं धावायचं. एरवी त्याला कुणी बोट लावायचं नाही. फक्त मृग लागायच्या आधी एक दिवस ठरलेला असे. त्या वर्षी गावात आलेल्या नव्या सुनांना टोलीत उभं करायचे, कोतवाल थाळ्यावर एकच टोल द्यायचा आणि सुनांनी पदर खोचून चढ चढत चावडीवर यायचं. सासवा, नणंदा, सगळं गाव दुतर्फा उभं राहून हसायचं. थाळ्याची ओळख करून देणं म्हणत त्याला.

मी एका वर्षी सरांबरोबर ते बघायला गेले होते. टोल पडला आणि सगळ्यांचं हसणं जागच्या जागी थांबलं. आधी खालचा जाड घुमारा आला. तो ओसरेल म्हणून मी वाट बघत होते, तर त्यातून अर्ध्या क्षणानं बारीक झणझण वर चढत आली, पाठीमागून कुणी धावत जवळ यावं तशी. माझ्या दंडावर सरसरून काटा आला. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याही, ज्यांनी तो पन्नास वेळा ऐकला असेल, छातीशी हात धरून उभ्या होत्या.

सर या थाळ्याचं गणित मांडत होते. वर्षाला टोल एकच, म्हणून त्यांचं संशोधनही वर्षाला एका टोलानं पुढं सरके. कॉलेजचा जड टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन ते बसमधून जात आणि तसेच परत येत. तीन वर्षांत तीन टोल जमले. ते ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा बघून त्यांनी थाळ्यात सतरा आवाज वेगळे काढले. प्रत्येकाला तीन प्रश्न: किती उंच, किती जोराचा, आणि किती वेगानं विझतो. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी मला लॉगची कोष्टकं देऊन बसवलं.

चौदा आवाज गुणी बाळासारखे विझत होते. वरच्या तिघांचं काही जुळेना. विझणाऱ्या आवाजाला जिथं उणे चिन्ह यायला हवं, तिथं सुरुवातीच्या अर्ध्या सेकंदात अधिक येत होतं. म्हणजे ते तीन आवाज टोल पडून गेल्यावर आधी वाढत होते आणि मग विझत होते. मी घाबरत घाबरत वही पुढं केली.

"मॅडम," सर म्हणाले, "टोल एकदाच पडतो. त्यानंतर वाढायला यांना जोर कोण देणार? तुमचे सासरे? वाचनात चूक आहे. खोडा."

मी खोडलं. गावात मला नेमकं तेच ऐकू आलं होतं. खालच्या जाड आवाजांचा जोर वरच्यांत चढत असणार, हे मला पुढं खूप वर्षांनी एका पुस्तकात सापडलं. पण तेव्हा पुस्तकाची गरज नव्हती, माझे कान पुरेसे होते. तरी मी खोडलं.

आणि सरांना ते का ऐकू आलं नाही, हेही मला लवकरच कळलं. एकदा प्रयोगशाळेत ऑसिलेटर लावून ते पोरांना सूर चढवून दाखवत होते. बटण फिरत गेलं, आवाज बारीक होत होत कानात सुई शिरावी तसा झाला. पुढच्या बाकावरच्या पोरींनी कानांवर हात ठेवले. सर वैतागून म्हणाले, "पुन्हा मुका झाला हा. दोनदा दुरुस्त करून आणला." आणि बटण आणखी पुढं फिरवलं. वर्गात कुणी हूं की चूं केलं नाही. कानांवरचे हात मात्र हळूच खाली आले. मी दारात उभी होते. दारावरचं वाक्य माझ्या खांद्याला लागून होतं. तो ऑसिलेटर तिसऱ्यांदा दुरुस्तीला नागपूरला गेला आणि "नो फॉल्ट" अशी चिठ्ठी बांधून परत आला. चिठ्ठी सरांनी वाचली, घडी करून खिशात ठेवली. त्या दिवशी त्यांनी चहाच्या कपाला टिचकी मारली आणि आकडा न सांगताच चहा पिऊन टाकला.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात थाळा पडला. टांगलेली कडी झिजून तुटली आणि तो चावडीच्या दगडी ओट्यावर कडेवर आपटला. वीतभर चीर गेली. भंडाऱ्याच्या कासारानं सांगितलं, वितळवून नवा ओतता येईल, पण आवाज तो राहणार नाही. गाव हबकलं. पावसाळा दीड महिन्यावर. सरांनी गावाच्या सभेत उभं राहून सांगितलं, "थाळा फुटला, त्याचा आवाज माझ्या वहीत शाबूत आहे." आपल्या गावचा पोरगा, एवढा शिकलेला, प्रोफेसर. गावानं एका शब्दानं विचारलं नाही. सरपंच म्हणाले, "मंग तं काही चिंताच नाही जी."

महिनाभर सर खोकं बनवत होते. सतरा ऑसिलेटर, प्रत्येकाला एक बटण आणि एक कपॅसिटर. कपॅसिटर रिकामा होत जाईल तसा तो आवाज विझत जाणार. वर लाकडी पेटी, त्यावर लाल बटण, मागं अॅम्प्लिफायर आणि ट्रकची बॅटरी. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. आधी टेपवरचा थाळा वाजवला, मग खोकं.

खोक्याचा आवाज सुरेख होता. मला तोच शब्द सुचतो. देवळात बसून ऐकावा असा. घुमारा यायचा आणि शांतपणे विरून जायचा. मागून कुणी धावत येत नव्हतं.

"जमलं?" सरांनी विचारलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, बटणाकडं बघत होते.

मे महिना चालू होता. माझी ऑर्डर निघायची होती. पण सगळा दोष ऑर्डरवर ढकलणं खोटेपणाचं होईल. त्या माणसाला "सर, तुम्हाला वरचं ऐकू येत नाही" हे तोंडावर सांगायचं म्हणजे त्याचा डोळा काढून त्याच्याच हातात ठेवण्यासारखं होतं.

"जमलं, सर," मी म्हणाले.

मृगाच्या आधीच्या त्या दिवशी खोकं चावडीवर मांडलं. कडुनिंबावर लाउडस्पीकरचा कर्णा बांधला. नव्या सुना टोलीत उभ्या राहिल्या. सरांनी बटण दाबलं, सुना चढून आल्या. त्यांना धावा म्हणून सांगितलेलंच होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर एकेका म्हाताऱ्याजवळ जाऊन विचारत होते, "तोच आहे ना?" आणि जो तो म्हणे, "हो जी, तोच हाये." प्रोफेसरला नाही कोण म्हणणार? एकटी कोतवालाची बायको पुढं आली. टोलीतलं पहिलंच घर तिचं. बारीक अंगाची, बारीक आवाजाची बाई.

"आवाज बेस हाये जी," ती सरांना म्हणाली. "पन अंगावर काटा काहून नाही आला? आमचा थाळा मांगून धावत येते. हा तं जागीच बसून राह्यते."

सरांनी मान तिरपी करून तिच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळले. "काय म्हणाल्या त्या?"

बाई माझ्यासमोर उभी होती. मी तिच्यादेखत बोलले.

"आवाज चांगला आहे म्हणतात."

सरांनी मान डोलावली. बाईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पदर डोक्यावर ओढून ती खाली निघून गेली.

पाऊस लागला आणि मला धड जेवण जाईना. रात्री नाही, दिवसाढवळ्याच मला भ्यायला व्हायचं. वर्गात फळ्यावर गणित सोडवताना बाहेर पावसाची सर आली की खडू थांबायचा. पाऊस वाढला की मी अड्याळकडून येणाऱ्या बसच्या कंडक्टरला विचारायची, तिकडं किती आहे म्हणून. तो म्हणायचा, "आहे बेताचा. काहून जी, माहेर हाये का तिकडं?" मी हो म्हणून टाकायची. सरांना सांगावं असं रोज सकाळी ठरवायची. रोज संध्याकाळी उद्यावर ढकलायची.

श्रावणातल्या एका रविवारी सर म्हणाले, ओल्या हवेत खोक्याचे सूर उतरले असतील, जुळवून येऊ. चार दिवस झड लागलेली होती. गावात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. सरांनी खोकं उघडलं, मी वही धरून बसले. तेवढ्यात कोतवाल चिखलानं माखलेला धावत आला.

"पाळ पाझरून राह्यली जी! माती घेऊन पानी येऊन राह्यलं!"

सरांनी बटण दाबलं. कर्ण्यातून आवाज गेला, मोठा, स्वच्छ. मी ओट्याच्या कडेला येऊन खाली बघत होते. टोलीतून कुणी आलं नाही. सरांनी पुन्हा दाबलं. एक बाई दारात आली, वळचणीखालचं लुगडं ओढून घेतलं आणि आत गेली. एक म्हातारा बाहेर येऊन कर्ण्याकडं बघत राहिला. दंडारीचे नाटकवाले लाउडस्पीकर तपासून राहिले असं त्याला वाटलं, हे त्यानं नंतर सांगितलं. कोतवाल ओरडत उताराला लागला, पण पावसात आणि छपरांच्या कवेलूंवरच्या माऱ्यात त्याचा आवाज चार पावलांपुढं जाईना.

सर बटण दाबतच होते. त्यांच्या कानांना तो थाळाच होता, अगदी हुबेहूब. कॉलेजात कधी न येणारी गावची बोली त्यांच्या तोंडातून बाहेर पडली. "येऊन राह्यले का, मॅडम? मले सांगा ना, येऊन राह्यले का?"

"नाही, सर."

"काहून?"

मी काही बोलले नाही. त्या क्षणीही नाही.

कोतवालीण चावडीवर कधी आली मला कळलं नाही. ती सरळ कोपऱ्यात गेली. फुटका थाळा तिथं पोत्याखाली ठेवला होता. त्याला टांगायला कडी नव्हती, तेव्हा तिनं तो एका हातानं कडेला धरला, छातीशी लावला आणि दुसऱ्या हातानं वरवंटा घेऊन बडवायला लागली. काय भेसूर आवाज होता! घुमारा कुठला, तो चिरेतून केव्हाच निघून गेला होता. नुसती झणझण, फाटकी, अंगावर येणारी.

टोलीची सगळी दारं एकदम उघडली. बायका, पोरं, म्हातारे, कुणाच्या काखेत लेकरू, कुणाच्या हातात अजून कालथा. सगळे धावत होते. नव्या सुना सर्वांत पुढं होत्या आणि त्यांनी तर हा थाळा आयुष्यात कधी ऐकलेलाही नव्हता. बाकीचे धावले म्हणून त्या धावल्या असतील; मी स्वतःला तसं समजावते. शेवटचा माणूस चढावर असताना पाळ गेली. बैल गेले, कुडाची घरं गेली. कोतवालाचं घर पहिलं गेलं.

मग मी कोतवालिणीकडं पाहिलं. ती अजून थाळा धरून उभी होती. चिरेची कड तिच्या तळहातात हाडापर्यंत शिरली होती. तिच्या दोन बोटांत पुढं कधी जोर आला नाही.

सर ओट्यावर बसून होते. त्यांनी तो थाळा मागून घेतला, रक्तासकट मांडीवर ठेवला आणि मधल्या बोटाच्या नखानं त्याला टिचकी मारली. मग दुसरी. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. विचारतील, आता विचारतील, म्हणून मी उभी होते. त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर सरांनी कपांना टिचक्या मारणं सोडलं. खोकं मोडून सुटे भाग पोरांना वाटून टाकले. दारावरचं वाक्य पावसाच्या ओलीनं पुसट झालं, ते त्यांनी पुन्हा गिरवलं नाही. गावानं कासाराकडून नवा थाळा ओतून घेतला आणि पुढच्या मृगाआधी नव्या सुनांऐवजी सगळी टोली, ऐंशीच्या म्हाताऱ्यांसकट, त्याची ओळख करून घ्यायला धावली म्हणे. मी गेले नाही. त्या जूनमध्येही माझ्या ऑर्डरवर पहिली सही सरांचीच होती. वर्षभरानं मला नागपूरला नोकरी लागली आणि मी त्यांचा निरोपही धड न घेता निघाले.

सर वारल्याचं मला पत्रानंच कळलं. पाठोपाठ त्यांच्या बहिणीनं एक वही पाठवली, "तुमचं अक्षर आहे म्हणून तुम्हाला" असं लिहून. थाळ्याची वही. माझी खोडलेली तीन अधिक चिन्हं त्यात होती. त्यांच्याभोवती सरांनी नंतर कधीतरी लाल शाईनं गोल काढले होते. खोकं ऐकवलं त्या दिवसाखाली लिहिलं होतं: 'मॅडम जमलं म्हणाल्या. त्याआधी थांबल्या.'

आणि गावातल्या त्या दिवसाखाली: 'कोतवालीण बोलली. आवाज बारीक, कळलं नाही. पण ओठ बराच वेळ हलले. मॅडमनी सांगितलं ते चारच शब्द. पुन्हा विचारायला हवं होतं. भ्यालो.'

वही वाचून मी दोन दिवस तशीच टेबलावर ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी पेन घेतलं आणि त्या ओळीखाली, कोतवालीण काय म्हणाली होती ते, तिच्याच शब्दांत, पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढलं.